जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज

जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज (जन्म : सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंड, १३ ऑगस्ट १८५८, मृत्यू : ९ ऑगस्ट १९४९) हे इंग्लंडमधील वकील आणि गळाच्या मासेमारीवरील ग्रंथकार होते. ट्राउट मासा पकडण्यासाठी लहानशा गळावर रेशीम, लव आणि पिसे बांधून कृत्रिम माशी तयार करतात. अशी माशी पाण्याखालूनही फिरवता येते आणि तसे करण्यात गैर काही नाही, हे मत स्क्यूज यांनी इंग्लंडमध्ये प्रथमच तपशीलवार मांडले. माशी बांधण्याचा रेशमी दोरा निवडताना तो भिजल्यावर कसा दिसेल याचा विचार करावा, हा आग्रह त्याच मतातून आलेला आहे. (येथे ‘माशी’ हा शब्द पाण्यावर वाढणाऱ्या अनेक कीटकांसाठी वापरला आहे. घरातल्या माशीशी त्यांचा संबंध नाही.)

शिक्षण आणि व्यवसाय

स्क्यूज यांचे शिक्षण विंचेस्टर कॉलेजमध्ये झाले. नावात कॉलेज असले तरी ही तेव्हा मुलांची निवासी शाळा होती. गावाजवळून वाहणाऱ्या इचेन नदीवर त्यांना विद्यार्थिदशेतच मासेमारीची गोडी लागली. पुढे ते लंडनमध्ये एका वकिली पेढीत उमेदवारीसाठी दाखल झाले आणि कालांतराने तिचे भागीदार बनले. १८८३ मध्ये पेढीच्या एका अशिलाच्या निमंत्रणावरून ते विंचेस्टरजवळच्या ॲबट्स बार्टन येथील नदीभागात प्रथम मासेमारीस गेले. पन्नासहून अधिक वर्षे ते तेथे जात राहिले. ते अविवाहित होते.

तरंगती माशी आणि बुडती माशी

इचेन नदीचे पाणी खडूच्या खडकांतून झिरपून येते. ते अतिशय स्वच्छ असते आणि काठावरून मासा स्पष्ट दिसतो. अशा नद्यांवर त्या काळी फ्रेडरिक हॅल्फर्ड (१८४४–१९१४) यांचा शब्द प्रमाण मानला जाई. मासा पृष्ठभागावर कीटक टिपत असेल तेव्हाच, तेही प्रवाहाच्या वरच्या दिशेने, तरंगणारी कोरडी माशी टाकावी, असा त्यांचा दंडक होता. स्क्यूज यांनीही आरंभी तोच पाळला. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला मात्र एके दिवशी त्यांची माशी पाणी शोषून बुडाली आणि नेमकी तीच माशांनी पसंत केली. आपण केवळ नशीबवान ठरलो, असे समजून दुसऱ्या कोणी ही गोष्ट सोडून दिली असती. स्क्यूज यांनी तिचा माग काढला.

पकडलेल्या माशाच्या पोटातील अन्न ते हाडातील मगज काढण्याच्या बारीक चमच्याने काढत आणि पांढऱ्या बशीत पाण्यात पसरून पाहत. त्यात पंख फुटलेल्या कीटकांपेक्षा पाण्याखाली वाढणारी त्यांची बाल्यावस्था, म्हणजे ‘निम्फ’, पुष्कळदा अधिक सापडे. मासा बहुतांशी जे खातो त्याचीच प्रतिकृती गळावर बांधायला मनाई का असावी, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

रेशमाची निवड

बुडणाऱ्या माशीत रेशमाला वेगळेच महत्त्व येते. कोरड्या हातात धरलेली माशी पाहिली तर वरची लवच दिसते. पाण्यात लव अंगाला चिकटते, काहीशी पारदर्शक होते आणि आतल्या दोऱ्याचा रंग बाहेर डोकावू लागतो. ओले रेशीम स्वतःही गडद होते. म्हणून दुकानातल्या रिळावर सुंदर दिसणारी छटा पाण्यात हमखास फसवते. दोरा बारीकही असावा लागतो, कारण जाड दोऱ्याने कीटकाचे सडपातळ अंग साधत नाही. पिअर्सॉल या इंग्लिश पेढीचा ‘गॉसमर’ हा तलम दोरा त्यामुळेच माशी बांधणाऱ्यांच्या विशेष आवडीचा होता.

लव धरून राहावी आणि वेढे सरकू नयेत म्हणून दोऱ्यावर मेण घासतात. नवशिके येथेच चुकतात. चांभारी काळपट मेण फिकट पिवळ्या दोऱ्याला लावले की तो हिरवट होतो. कधी तीच छटा हवी असते, कधी ती घात करते. रंग राखायचा असेल तेथे स्क्यूज रंगहीन मेणाची शिफारस करीत. ‘लिट्ल रेड सेज’ या त्यांच्या माशीसाठी मात्र त्यांनी भडक नारिंगी दोरा आणि तपकिरी मेण ही जोडी सांगितली आहे. ‘आयर्न ब्लू’ या कीटकाच्या निम्फसाठी त्यांनी किरमिजी दोऱ्यावर चिचुंदरीसारख्या मोल या प्राण्याची करडी लव पिळून घेतली आणि शेपटीकडे दोऱ्याचे दोन-तीन वेढे उघडे ठेवले.

‘टप्स इंडिस्पेन्सेबल’ ही प्रसिद्ध माशी त्यांची नव्हे. ती टिव्हर्टन येथील आर. एस. ऑस्टिन यांची. तिचे नाव मात्र स्क्यूज यांनी ठेवले. ‘टप’ म्हणजे मेंढा. त्याच्या वृषणावरील लोकर तिच्यात वापरली जाते, म्हणून नावात थोडी मिस्कील आडवळणे आहेत. याही माशीत पिवळे रेशीम शेपटीजवळ उघडे असते. ऑस्टिन कुटुंबाचा उदरनिर्वाह तिच्या कृतीवर अवलंबून असल्याने ती ठाऊक असूनही स्क्यूज यांनी अनेक वर्षे गुप्त ठेवली.

ग्रंथ आणि वाद

‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ हा त्यांचा पहिला ग्रंथ १९१० मध्ये निघाला. त्याच वर्षी हॅल्फर्ड यांनी आपल्या नव्या ग्रंथात तरंगत्या माश्यांचे ३३ नमुने निश्चित केले. ‘द वे ऑफ अ ट्राउट विथ अ फ्लाय’ (१९२१) हा स्क्यूज यांचा सर्वांत समृद्ध ग्रंथ म्हणावा लागेल. ‘निम्फ फिशिंग फॉर चॉक स्ट्रीम ट्राउट’ १९३९ मध्ये आला. ‘वॅल कॉन्सन’ या टोपणनावाने लिहिलेले माशी बांधण्यावरील लेख ‘सिल्क, फर अँड फेदर’ या नावाने त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूप झाले.

हॅल्फर्ड यांच्या पश्चातही विरोध मावळला नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये निम्फच्या वापरावर जाहीर चर्चा झाली. ॲबट्स बार्टनच्या सहभागीदारांनाही त्यांची पद्धत खटकत होती. त्याच वर्षी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, स्क्यूज यांनी तो नदीभाग सोडला.

अखेरची वर्षे

त्यानंतर ते विल्टशायरमधील नॅडर नदीवर मासेमारी करीत. एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांना त्यांनी याच काळात लेखनास उत्तेजन दिले. मृत्यूनंतर त्यांची रक्षा ॲबट्स बार्टन येथे इचेनच्या काठी विसर्जित करण्यात आली. सॉयर यांची ‘फेझंट टेल निम्फ’ पुढे जगभर पोहोचली. ती लवकर बुडावी म्हणून सॉयर यांनी रेशीम पूर्णपणे वगळले आणि ती तांब्याच्या बारीक तारेने बांधली.