सिग्नलची शिस्त संगणकाला लावणारा शास्त्रज्ञ

तुमसर रोड जंक्शनवरून मँगनीज खाणींच्या पट्ट्यातून तिरोडीकडे रेल्वेचा फाटा जातो. एकेरी मार्गाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असावी, हा रेल्वेचा जुना नियम. पूर्वी गाडी आत असेपर्यंत सिग्नलचा हात आडवा राही. सिग्नल पडला की दुसरी सुटे. संगणकातील कामांना हीच शिस्त लावणारे डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी आपल्या उपायाला नावही या सिग्नलचेच दिले : सेमाफोर.

डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅमचा. लायडनला भौतिकशास्त्र शिकत असतानाच १९५२ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून रुजू झाले. १९५७ मध्ये विवाहनोंदणीत त्यांनी हाच व्यवसाय लिहिला, तर असा व्यवसायच नसल्याचे सांगून नगरपालिकेने तो नाकारला! अखेर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद झाली.

त्यांच्या विचारांना वळण दिले ते एक्स-१ या यंत्राने. चालू काम मध्येच थांबवून हे यंत्र बाहेरच्या उपकरणाकडे वळू शके. मात्र कोणत्या क्षणी, हे आधी सांगता येत नसे. अशी चूक एकदा घडते आणि पुन्हा शोधू गेल्यास सापडत नाही. या धास्तीतूनच १९५९ चा त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध उभा राहिला.

१९६२ मध्ये ते आइंडहोवनला प्राध्यापक झाले. सेमाफोर ही तेथील कामगिरी. समजा, धान व्यापाऱ्याच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये १०० कट्ट्यांची नोंद आहे. दोन कामे एकाच क्षणी ती वाचतात. एक १० वजा करते, दुसरे २०. दोघेही १०० वरूनच हिशेब करतात आणि शेवटी ८० उरतात. हवे होते ७०. सेमाफोर असल्यास पहिले काम नोंद बदलून बाहेर पडेपर्यंत दुसरे थांबते. तेही दार ठोठावत नव्हे, झोपून. त्यामुळे प्रोसेसर मोकळा राहतो. आजच्या भाषेत, बॅटरी वाचते.

कुलपे वाढली की नवे संकट येते. १९६५ मध्ये डाइक्स्ट्रा यांनी ते विद्यार्थ्यांना प्रश्नरूपाने घातले. पुढे ते जेवणाऱ्या पाच तत्त्वज्ञांचे कोडे म्हणून गाजले. पाच जण, पाचच काटे, जेवायला प्रत्येकाला दोन हवेत. सर्वांनी एकदम डावा उचलला की सारेच उपाशी! काट्यांना क्रमांक देऊन प्रत्येकाने लहान क्रमांकाचा आधी घ्यायचा, हा त्यावरचा साधा तोडगा. अ‍ॅप लिहिणाऱ्यांनीही कुलपे नेहमी एकाच क्रमाने घ्यावीत, शक्य तितक्या लवकर सोडावीत, आणि कुलूप हातात असताना नेटवर्कची वाट पाहू नये. पडदा रंगवणाऱ्या मुख्य धाग्याला तर ताटकळत ठेवूच नये. अँड्रॉइडवर स्पर्शाला सुमारे ५ सेकंद उत्तर न मिळाल्यास अ‍ॅप प्रतिसाद देत नसल्याची पाटी झळकते.

चाचणीने चूक सापडू शकते, चूक नाहीच हे सिद्ध होत नाही, असे त्यांचे आग्रही मत होते. अनेकांना ते अतिरेकी वाटे. पण क्षणांच्या जुळणीवर अवलंबून असलेल्या चुकांबाबत तरी ते खोडणे अवघड आहे. १९७२ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. १९८४ पासून १९९९ पर्यंत ते ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात होते. या काळातही त्यांची टिपणे फाउंटन पेनानेच उतरत. क्रमांक घातलेली अशी १,३०० हून अधिक टिपणे छायाप्रतींतून जगभर फिरली. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधील न्यूनेन येथे त्यांचे निधन झाले.