सेलबोर्नची प्रलंबित नोंद

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशायर परगण्यात सेलबोर्न नावाचे खेडे आहे. अठराव्या शतकात तिथे ऑक्टोबर उजाडला, बीच वृक्षांची पाने तांबूस झाली, की ‘द वेक्स’ या घराच्या बागेत एक पाद्री मान वर करून उभे असत. भिंगऱ्या आज किती दिसल्या, उद्या किती उरतील, हे पाहत आणि टिपून ठेवत. त्यांचे नाव गिल्बर्ट व्हाइट.

१८ जुलै १७२० रोजी ते याच गावी जन्मले. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात शिकले, तिथलेच फेलो झाले. पण सेलबोर्नच्या मुख्य धर्मगुरूची नेमणूक मॉडलिन कॉलेजच्या हाती होती. त्यामुळे जन्मगावी ते साहाय्यक पाद्रीच राहिले. लग्नही केले नाही. बढतीची वाट पाहण्यात आयुष्य घालवणारी माणसे मी बँकेत पुष्कळ पाहिली. व्हाइटनी ते बागेत घालवले. १७५१ पासून खरबुजे-काकड्यांचा हिशेब, १७६८ पासून पाऊस, वारा, पाखरे यांची रोजनिशी.

या वहीत एक प्रश्न मात्र कायम प्रलंबित होता. थंडीत भिंगऱ्या जातात कुठे? परदेशी, की इथेच कुठे बिळाकपारीत झोपतात? जिब्राल्टरला असलेला भाऊ जॉन सामुद्रधुनी ओलांडणारे पक्षी पाहून कळवत होता. पण सगळ्या गेल्या म्हणावे, तर नोव्हेंबरच्या एखाद्या उबदार दिवशी चार-दोन भिंगऱ्या पुन्हा दिसत. शिवाय बागेत टिमोथी होता. आत्याच्या निधनानंतर १७८० साली आणलेले हे कासव थंडीच्या तोंडावर संथपणे माती उकरी आणि वसंतापर्यंत स्वतःला पुरून घेई. कासव झोपते, वटवाघूळ झोपते, मग भिंगरी का नाही? व्हाइटनी माणसे लावून झुडपे आणि पोकळ्या धुंडाळल्या. काही सापडले नाही.

१७८९ साल छापलेले त्यांचे सेलबोर्नच्या निसर्गावरचे पुस्तक निघाले. त्यातही हा प्रश्न मिटलेला नाही. निद्रेकडे मनाचा कल होता, पण पुरावा नव्हता. म्हणून त्यांनी ताळा जुळवून दाखवला नाही. खोटी नोंद करून खाते बंद करण्याचा मोह किती मोठा असतो, हे आकडेमोडीत जन्म घालवलेल्यालाच ठाऊक.

२६ जून १७९३ रोजी ते वारले. थडग्यावर नावाची दोन आद्याक्षरे आणि ही तारीख, एवढेच. टिमोथीही पुढच्या वर्षी गेला. तो नर नसून मादी होता, हे नंतर कळले.

मे १९११ मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये एका भिंगरीच्या पायात कडी घातली गेली. डिसेंबर १९१२ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सापडली. व्हाइटची नोंद अखेर खात्यावर जमा झाली, ती त्यांच्या मृत्यूनंतर ११९ वर्षांनी. जागा त्यांनी कोरी ठेवली होती, म्हणून.