जठरात डोकावणारा वैद्य

तोंडातला घास गिळला, की तो दृष्टीआड होतो. सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून तो जठरात उतरतो आणि तेथे पाचक रसांत घुसळला जातो. या जठराला काही विकार जडला, तर वेदना रोग्याला होते. परंतु विकार कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. दीडशे वर्षांपूर्वी नाडी, जीभ आणि पोटावर ठेवलेला हात एवढ्याच आधारावर वैद्याला निदान करावे लागे. पुढे क्ष-किरणांचा शोध लागला. त्यांच्या साहाय्याने जठराची आकृती दिसू लागली. पण आतल्या नाजूक त्वचेचा रंग, तिच्यावरची सूज, एखादा लहानसा व्रण किंवा रक्ताचा ठिपका काही त्यांतून दिसेना. जे क्ष-किरणांना दाखविता आले नाही, ते प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याची सोय ज्यांनी वैद्यांना करून दिली, त्या रुडॉल्फ शिंडलर यांचे हे चरित्र आहे.

शिंडलर यांचा जन्म १० मे १८८८ रोजी जर्मनीची राजधानी बर्लिन येथे झाला. त्यांचे वडील ज्यू होते व पेढीच्या व्यवसायात होते. आई ख्रिस्ती होती. वैद्यकाचे शिक्षण संपवून शिंडलर डॉक्टर झाले आणि लवकरच, १९१४ साली, पहिले महायुद्ध सुरू झाले. इतर तरुण डॉक्टरांप्रमाणे त्यांनाही सैन्यात रुजू व्हावे लागले. जखमी सैनिकांवर उपचार करीत असताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पोटदुखीने बेजार झालेले कितीतरी सैनिक त्यांच्याकडे येत. त्यांना व्रण नसे, कर्करोग नसे. मग ही वेदना कशाची? जठराच्या आतल्या त्वचेचा दाह हा स्वतंत्र विकार असला पाहिजे, असे शिंडलर यांच्या मनाने घेतले.

त्या काळचे पुष्कळ पंडित हा विकार मानावयास तयार नव्हते. त्यांचे म्हणणेही अगदीच निराधार नव्हते. मृत्यूनंतर जठरातील पाचक रस जठराच्याच त्वचेला खाऊ लागतात आणि थोड्याच वेळात ती विरूप होते. त्यामुळे शवविच्छेदनात दिसलेला बिघाड जिवंतपणीचा की मृत्यूनंतरचा, हे कोण सांगणार? या वादाचा निकाल लावावयाचा, तर जिवंत माणसाच्या जठरात डोकावून पाहण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

डोकावण्याचे प्रयत्न शिंडलर यांच्या जन्मापूर्वीच झाले होते. १८६८ साली फ्रायबुर्ग येथील कुसमाउल नावाच्या प्रख्यात वैद्याने तलवार गिळून दाखविणाऱ्या एका खेळाडूला बोलाविले आणि तलवारीऐवजी त्याच्या घशातून एक सरळ पोकळ नळी जठरात उतरविली. डोके पूर्ण मागे टाकले, की तोंड, घसा आणि अन्ननलिका जवळजवळ एका सरळ रेषेत येतात, हे त्या खेळाडूला सरावाने ठाऊक झाले होते. नळी उतरली खरी, परंतु आत पुरेसा प्रकाश पडेना आणि प्रयोग तेथेच थांबला. विजेचे दिवे निघाल्यावर प्रकाशाची अडचण दूर झाली. नळीची अडचण मात्र कायम राहिली. नळी ताठ आणि मनुष्याची अन्ननलिका मऊ. घशाशी वाट काटकोनात वळते, खाली पडद्यातून जाताना पुन्हा डावीकडे झुकते. तलवार गिळणाऱ्याने वर्षानुवर्षे कमावलेली कला आजारी, भेदरलेल्या, वयस्क रोग्याकडून कशी अपेक्षावी? वैद्याचा हात किंचित चुकला, रोगी अवचित दचकला, तर अन्ननलिकेला छिद्र पडे. त्या काळी प्रतिजैविक औषधे नव्हती; असे छिद्र म्हणजे बहुधा मृत्यूच.

युद्ध संपल्यावर शिंडलर म्युनिक शहरातील श्वाबिंग येथील रुग्णालयात काम करू लागले. प्रथम त्यांनी ताठ नळीच हाती घेतली आणि तिच्यात सुधारणा केली. आतल्या चिकट द्रवाने भिंग झाकले जाई, म्हणून ते हवेच्या झोताने स्वच्छ करण्याची त्यांनी योजना केली. शेकडो रोग्यांची जठरे तपासून १९२३ साली त्यांनी जठरदर्शनाचा ग्रंथ व चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. जिवंत माणसाच्या जठराचे असे विस्तृत दर्शन वैद्यकीय जगाला पूर्वी घडले नव्हते.

या कामात त्यांच्या पत्नी गाब्रिएले यांचा वाटा फार मोठा होता. रोग्याला डाव्या कुशीवर निजवीत. त्याचा घसा औषधाने बधिर करीत. आणि मग गाब्रिएले रोग्याचे मस्तक दोन्ही हातांत धरून बसत. मस्तक कोणत्या क्षणी किती मागे न्यावयाचे, नळी पुढे सरकताना ते कसे स्थिर ठेवावयाचे, हे त्यांना अचूक साधले होते. नळीची वाट त्यांच्या हातांच्या आधाराने सरळ होत असे. त्या वेळी रोग्याला बोलता येत नसे. तेव्हा त्याला धीर देण्याचे कामही त्यांच्याकडेच असे. पुस्तकांवर नाव पतीचे आले. अमेरिकेतील परिचारिकांच्या संस्थेने पुढे गाब्रिएले यांच्या नावाने पारितोषिक ठेवले, हे उचितच झाले.

ग्रंथ वाचून इतर डॉक्टरही ताठ नळी वापरू लागले, आणि दुर्घटनांच्या वार्ता येऊ लागल्या. ज्या साधनाचा आपण पुरस्कार केला, त्याच साधनाने कोठेतरी रोगी दगावत आहेत, ही गोष्ट विचारी माणसाला चैन पडू देणारी नव्हे. जठरदर्शन सोडून देणे हा एक उपाय होता, आणि अनेकांनी तोच पत्करला. शिंडलर यांनी नळीच बदलावयाचे ठरविले.

वाकणारी नळी करणे सोपे आहे, असे आपल्याला वाटेल. बागेला पाणी घालण्याची रबरी नळी आपण रोज पाहतो. ती हवी तशी वळते. पण मुलांनो, तिचे एक टोक हातात धरून तिला पीळ देऊन पाहा. हाताजवळची नळी पिळवटेल, दूरचे टोक जागचे हलणार नाही. ती पुढे ढकलून पाहा; टोक पुढे जाण्याऐवजी नळी मध्येच बाक घेईल. फार वाकविली तर ती एके ठिकाणी मुडपून चेपेल आणि पाणी बंद पडेल. उलट वेताची छडी ढकलली तर पुढे जाते, फिरविली तर टोकापर्यंत फिरते. पण तिला वळण घ्यावयास लावले, तर ती समोरच्या मऊ भिंतीवर सगळा जोर काढते. वैद्याला हवी होती ती नळी या दोहोंच्या मधली. तिने वळणाप्रमाणे वाकावे, परंतु दाबाने चेपू नये. आणि बाहेर मूठ जितकी फिरविली, तितके आतले टोक फिरावे.

याशिवाय दृष्टीचा प्रश्न होताच. प्रकाशाचे किरण सरळ रेषेत जातात. वाकलेल्या नळीत शिरलेला किरण पहिल्याच वळणावर भिंतीवर आपटणार. यावर तोडगा १९११ साली मिखाएल होफमान यांनी दाखविला होता. दोनचार लांब पल्ल्याच्या भिंगांऐवजी आखूड केंद्रांतराची पुष्कळ भिंगे जवळजवळ बसविली, तर नळी थोडी वाकली तरी प्रतिमा पुढे जाते. गावात आग लागली म्हणजे विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागते आणि घागरी हातोहात पुढे जातात. वाटेला वळण असले तरी अडत नाही. मात्र शेजारच्या दोन माणसांतील अंतर हाताच्या टप्प्यात हवे. भिंगांचेही तसेच. प्रत्येक भिंग आपल्या शेजाऱ्याला प्रतिमा सोपवते. दोघांमधले वळण अल्प असले, तर तिला बाध येत नाही. अशी अनेक अल्प वळणे मिळून मोठे वळण होते.

हे सर्व प्रत्यक्षात उतरविण्यास कसबी कारागीर हवा होता. बर्लिनमधील वैद्यकीय उपकरणे बनविणारे गेओर्ग वोल्फ हे तसे कारागीर शिंडलर यांना लाभले. एक म्युनिकला, दुसरा बर्लिनला. एकाने रोग्याची अडचण सांगावी, दुसऱ्याने धातूची आणि काचेची सांगावी, असा क्रम चालला. एक नमुना तयार होई, त्यात दोष निघे, दुसरा तयार होई. अशा पाच नमुन्यांनंतर १९३२ साली सहावा नमुना मनासारखा उतरला.

त्याची लांबी सुमारे पाऊण मीटर होती. डोळ्याजवळचा भाग ताठ ठेवला होता; खालचा भाग ब्राँझच्या मळसूत्री गुंडाळीचा करून त्यावर रबराचे आवरण चढविले होते. गुंडाळीचे वेढे एकमेकांपासून किंचित सुटून नळीला वाकू देत. पण प्रत्येक वेढा स्वतः वर्तुळाकार कड्यासारखा असल्यामुळे नळी चेपत नसे आणि आतली भिंगे आपापल्या जागी राहत. टोकाला रबराचे मऊ बोट बसविले होते. ते वाट चाचपीत पुढे जाई. त्याच्यामागे लहानसा विजेचा दिवा आणि बाजूला पाहणारी खिडकी होती. रबरी फुग्याने जठरात थोडी हवा भरली, की त्याच्या घड्या उलगडत आणि नळी हळूहळू फिरवीत वैद्य आतील भिंत पाहत जाई. वळणाची मर्यादा मात्र सुमारे तीस अंशांची होती. त्यापलीकडे प्रतिमा नाहीशी होई. जठराचे काही कोपरेही नजरेत येत नसत. म्हणून या साधनाला अर्धलवचीक म्हणतात, आणि रोग्याचे मस्तक धरणाऱ्या हातांची गरज पूर्वीइतकीच राहिली.

त्याच वर्षी शिंडलर यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात या साधनाची माहिती दिली. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी ते संपूर्णपणे निर्धोक असल्याचे म्हटले होते. हा दावा मला थोडा अधिक वाटतो. पण १९४० साली त्यांनीच निरनिराळ्या डॉक्टरांकडे प्रश्नावली पाठवून जठरदर्शनात झालेल्या मृत्यूंची माहिती गोळा केली व प्रसिद्ध केली. नव्या नळीने मृत्यू अगदी विरळा झाले होते, तरी ते घडतच नाहीत असे नव्हते. आपल्याच साधनाच्या उणिवांचा हिशेब असा चव्हाट्यावर मांडणारे संशोधक थोडे.

शिंडलर यांची कीर्ती अशी पसरत असतानाच जर्मनीत सत्तांतर झाले. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू वंशाच्या लोकांचा छळ सुरू झाला. शिंडलर यांनाही अटक करून काही काळ बंदिवासात ठेवण्यात आले. ज्याच्याकडे शिकण्यासाठी परदेशांतून डॉक्टर येत, त्या माणसाला स्वतःच्या गावात स्थान उरले नाही. सुदैवाने त्यांच्याकडे शिकून गेलेल्यांनी त्यांना विसरले नाही. शिकागो येथील डॉक्टर मारी ऑर्टमायर आणि वॉल्टर पामर यांच्या खटपटीने त्यांना शिकागो विद्यापीठाचे निमंत्रण मिळाले आणि १९३४ साली ते सहकुटुंब अमेरिकेस गेले. त्या वेळी त्यांचे वय सेहेचाळीस वर्षांचे होते. परक्या भाषेत, परक्या रुग्णालयात त्यांनी आरंभापासून सुरुवात केली. तीन वर्षांत, म्हणजे १९३७ साली, त्यांचा जठरदर्शनावरील इंग्रजी ग्रंथ बाहेर आला. अमेरिकेच्या कानाकोपऱ्यांतून डॉक्टर शिकागोला येऊ लागले. पुरेसे शिक्षण घेतल्यावाचून कोणी नळीला हात लावू नये, याविषयी शिंडलर फार काटेकोर असत.

१९४१ साली त्यांच्या पुढाकाराने जठरदर्शन करणाऱ्या डॉक्टरांचे एक मंडळ स्थापन झाले व ते त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९४३ मध्ये ते लॉस एंजेलिस येथे गेले. युद्धकाळात ज्याची शंका आली होती, त्या जठरदाहावरील त्यांचा स्वतंत्र ग्रंथ १९४७ साली निघाला. सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९५८ साली, ते ब्राझीलमधील बेलो होरिझोंटे येथे अध्यापनासाठी गेले आणि दोन वर्षांनी परतले.

दरम्यान भिंगांच्या रांगेची सद्दी संपत आली होती. १९५४ साली लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी केसासारख्या बारीक काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेऊन दाखविली. तंतू कसाही वळला तरी प्रकाश त्याच्या आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. मग तीस अंशांचे बंधन कशाला? अमेरिकेत बॅझिल हर्शोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे जठरदर्शक तयार केले आणि १९५७ साली कोलोराडो स्प्रिंग्ज येथे ते सभेपुढे मांडले. ती सभा शिंडलर यांनी स्थापिलेल्या मंडळाचीच होती.

आता तर टोकालाच चिमुकला कॅमेरा असतो. काही वर्षांपूर्वी माझी अशी तपासणी झाली, तेव्हा माझ्याच जठराची रंगीत चित्रे डॉक्टरांनी माझ्या हाती दिली. मला मात्र त्या काळ्या नळीचे अधिक कुतूहल वाटले. तिच्या आत आजही पोलादी पट्टीची मळसूत्री गुंडाळी असते. एकच गुंडाळी एका बाजूस पिळली तर आवळते आणि दुसऱ्या बाजूस पिळली तर सैल पडते. म्हणून परस्परविरुद्ध दिशांच्या दोन गुंडाळ्या एकीवर एक घालतात. त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी आणि तिच्यावर प्लास्टिकचे गुळगुळीत आवरण असते. टोकाशी एकमेकांत अडकविलेली कडी असून ती तारांनी ओढून हवी तशी वळविता येतात. मस्तक धरून नळीची वाट सरळ करण्याची गरज आता राहिलेली नाही.

गाब्रिएले १९६४ साली वारल्या. पुढच्या वर्षी शिंडलर अमेरिका सोडून म्युनिकला परत आले. चौतीस वर्षांपूर्वी त्यांना ज्या शहरातून निघून जावे लागले होते, तेथेच ६ सप्टेंबर १९६८ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.