जॉन न्यूटन : एका दीर्घ पालटाची कथा

देवाकडे वळलेला मनुष्य एका रात्रीत साधू होतो, अशी पुष्कळांची समजूत असते. जॉन न्यूटन ह्याचे चरित्र वाचले म्हणजे ती किती अपुरी आहे, हे आम्हांस कळून येते.

न्यूटनचा जन्म इ. स. १७२५ मध्ये लंडन येथे झाला. बाप जहाजाचा कप्तान होता. धर्मशील मातेने त्यास बाळपणीच पवित्र शास्त्राचे धडे दिले. परंतु त्यास सात वर्षे पुरी होण्यापूर्वीच ती निवर्तली. अकराव्या वर्षी तो समुद्रावर गेला. पुढे आरमारात सक्तीची भरती, पळून गेल्याबद्दल फटके, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या एका व्यापाऱ्याच्या चाकरीत उपासमार, अशी त्याची दुर्दशा झाली.

इ. स. १७४८ च्या मार्च महिन्यात स्वदेशी परतत असता अटलांटिक महासागरात भयंकर तुफान झाले व जहाज फुटून आत पाणी शिरले. तेव्हा देवाची निंदा करण्यास सोकावलेल्या त्या मुखातून दयेची याचना बाहेर पडली. जहाज कसेबसे आयर्लंडास लागले. त्या तुफानाचा दिवस न्यूटनने जन्मभर पाळला.

आम्ही ही गोष्ट सांगत असतो, तर बहुधा येथेच संपविली असती. परंतु त्या वेळी आपण पुरते विश्वासू झालो नव्हतो, असे पुढे न्यूटननेच लिहून ठेवले आहे. त्याने निंदा सोडली. गुलामांचा व्यापार मात्र सोडला नाही. १७५० ते १७५४ ह्या काळात तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान होता. वर आपल्या खोलीत त्याने प्रार्थना करावी, आणि खाली जहाजाच्या पोटात बेड्यांनी जखडलेली माणसे कण्हत असावी! अखेर समुद्र सुटला तोही आजारामुळे.

१७६४ मध्ये तो ऑल्नी गावी पाळक झाला. ‘अमेझिंग ग्रेस’ हे त्याचे गीत तेथे १७७३ च्या वर्षारंभी मंडळीपुढे आले. तथापि गुलामगिरीविरुद्ध त्याने जाहीर शब्द काढला तो १७८८ मध्ये, म्हणजे तुफानानंतर चाळीस वर्षांनी. त्या पुस्तिकेत त्याने स्वतःची लाज झाकली नाही. पुढे त्याने पार्लमेंटच्या चौकशीत साक्ष दिली, व हा व्यापार बंद करण्यासाठी झटणाऱ्या विल्बरफोर्सला धीर दिला. १८०७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने हा व्यापार बंद केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, दृष्टी गेलेला हा वृद्ध प्रभूच्या घरी गेला.

बालमित्रहो, ह्या चाळीस वर्षांचा विलंब आम्ही क्षम्य म्हणत नाही; त्याची किंमत इतरांनी बेड्यांत राहून दिली. परंतु देवाने ह्या मनुष्यास सोडले नाही, हेही खरे. आपणही प्रार्थनेस बसतो, गीते गातो. ज्या कामाची आपणांस अद्याप लाजच वाटत नाही, असे काही आपल्या जहाजाच्या पोटात दडलेले नाही ना, हे प्रत्येकाने पाहावे. आणि ज्या आईबापांस आपले मूल सुधारत नाही असे वाटते, त्यांनी त्या मातेचे धडे आठवावे. ती गेली, पण बी मेले नाही.