शस्त्रक्रिया गरिबाच्या आवाक्यात आणणारे डॉ. वानलेस

सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिण महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, की बहुधा त्याने घराचा कोपरा धरावयाचा, हेच प्राक्तन होते. शस्त्रक्रियेसाठी मुंबई गाठावयाची तर डॉक्टरांच्या शुल्काआधी गाडीभाडे, सोबतच्या माणसाचा खर्च आणि बुडालेला हंगाम यांचीच भरपाई करणे कठीण होते.

अशा काळात, सन १८८९ मध्ये, डॉ. विल्यम जेम्स वानलेस सांगलीस आले. जन्म कॅनडात १८६५ चा, वैद्यकीय शिक्षण न्यूयॉर्क येथे. पत्नी मेरी या परिचारिका होत्या. धर्मप्रचार हा त्यांच्या मिशनचा हेतू होता व तो त्यांनी कधी लपविला नाही. मात्र दारी आलेल्या रुग्णास जातिधर्म विचारून परत पाठविले नाही.

सांगलीतील दवाखान्यानंतर त्यांनी मिरज निवडले. ही निवड मोठी दूरदृष्टीची होती. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने कोल्हापूर, बेळगाव, सातारा या भागांतील रुग्णास थोड्या खर्चात तेथे पोहोचता येई. १८९४ मध्ये रुग्णालय सुरू झाले. मोतीबिंदू, मूतखडा, पोटाचे विकार अशा शस्त्रक्रियांसाठी त्याचा लौकिक दूरवर पसरला.

खर्चाचा प्रश्न त्यांनी कसा सोडविला, हे व्यापारी मनुष्याने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. केवळ परदेशी देणग्यांवर त्यांनी संस्था टांगती ठेवली नाही. संस्थानिक, सरदार, सावकार यांच्याकडून ऐपतीप्रमाणे शुल्क घ्यावयाचे आणि त्यातून निर्धनांची शस्त्रक्रिया करावयाची, असा तो जमाखर्च होता. राजर्षी शाहू महाराजांसारख्या राजांचा त्यांच्यावर विश्वास होता. श्रीमंतही तेथेच येत असल्याने फुकटचे उपचार म्हणजे हलके उपचार, हा समज टिकला नाही.

दुसरी अडचण माणसांची होती. परदेशातून डॉक्टर आणणे महाग पडे. म्हणून १८९७ मध्ये त्यांनी मिरजेतच वैद्यकीय शाळा काढली व येथील तरुणांस शिकविले. या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी पुढे लहान गावांत दवाखाने थाटले, आणि मिरजेपर्यंत जाण्याचीही ज्यांची शक्ती नव्हती त्यांना उपचार मिळाले.

कुष्ठरोग व क्षयरोग यांच्या रुग्णांसाठीही त्यांनी स्वतंत्र सोय केली. १९२८ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला. त्याच वर्षी सुमारे चाळीस वर्षांच्या सेवेनंतर ते निवृत्त होऊन अमेरिकेस गेले. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाभोवती वसलेल्या सांगली-मिरज दरम्यानच्या वस्तीस लोक वानलेसवाडी म्हणतात.