भार दगडावर नव्हे, मातीवर

जॉन लाउडन मॅकॅडम हे पेशाने अभियंता नव्हते. स्कॉटलंडमधील एअर येथे १७५६ साली जन्मलेले हे गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये व्यापार करून १७८३ मध्ये मायदेशी परतले आणि पथकर वसूल करणाऱ्या मंडळाचे विश्वस्त झाले. कर जमत होता. रस्ते मात्र चिखलात रुतलेले होते.

पायात मोठाले दगड घातले की रस्ता मजबूत होतो, हा तत्कालीन समज मॅकॅडम यांनी नाकारला. भार अखेर खालची मातीच पेलते आणि ती कोरडी असेल तरच पेलते, हे त्यांचे सूत्र. म्हणून रस्ता भोवतालच्या जमिनीहून उंच, मध्यभागी किंचित फुगीर आणि कडेला चर. वर सुमारे १० इंच फोडलेली, कोनदार खडी. तुकडा ६ औंसांहून जड नको. तीत माती मिसळण्यास सक्त मनाई, कारण माती पाणी धरून ठेवते. चाकांच्या दाबाने खडी परस्परांत गुंतून थर घट्ट होई.

१८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचे सर्वेक्षक झाल्यावर त्यांनी जुनेच दगड उकरून, फोडून पुन्हा वापरले, खर्चही वाचला. पुढे देऊ केलेला ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला. १८३६ मध्ये ते निवर्तले.

आजही घरापुढील वाहनतळ खचला की वर सिमेंटचा नवा थर चढतो. पृष्ठभागावरील खर्च डोळ्यांत भरतो, निचऱ्यावरील दिसत नाही. म्हणूनच तोच खर्च पुनःपुन्हा करावा लागतो.