देववचनाचे आज्ञांकित सेवक संत जेरोम

शरीर जसें अन्नावांचून टिकत नाहीं, तसा आत्मा देववचनावांचून जगत नाहीं, हें आपण लहानपणापासून धर्मशिक्षणाच्या वर्गांत ऐकत आलों आहों. परंतु अन्न पोटांत गेलें म्हणजे सर्व झालें असें नव्हे. त्याची अंगांत शक्ति होऊन हातून काम घडावें लागतें. पवित्र शास्त्राचेंही तसेंच आहे. तें वाचणें हें जेवण, आणि त्याप्रमाणें वागणें ही त्या जेवणाची शक्ति. ज्या थोर पुरुषानें आपलें आयुष्य शास्त्राच्या सेवेंत वेंचिलें, त्यालाही हा धडा हळूहळूच शिकावा लागला. त्या संत जेरोम यांचें चरित्र या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामांतील बंधुभगिनींपुढें ठेवीत आहों.

जेरोम यांचा जन्म सुमारें इ. स. ३४७ मध्यें डाल्मेशिया व पॅनोनिया या रोमन प्रांतांच्या सीमेवरील स्ट्रिडोन या गांवीं एका ख्रिस्ती कुटुंबांत झाला. घरची स्थिति चांगली असल्यामुळें आईबापांनीं त्यांना शिक्षणासाठीं रोमला धाडिलें. तेथें डोनाटस नांवाच्या नामांकित वैयाकरणापाशीं ते शिकले, आणि लॅटिन वाङ्मयाचें त्यांना जणूं वेडच लागलें. रविवारीं सोबत्यांबरोबर रोमच्या भुयारांत उतरून प्रेषितांच्या व रक्तसाक्ष्यांच्या थडग्यांचें दर्शन घेण्याचा त्यांचा परिपाठ असे. रोम येथेंच त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढें संन्यस्त जीवनाची ओढ लागून ते पूर्वेकडे निघाले व सुमारें ३७४ सालीं अंत्युखियास पोंचले. घरदार सुटलें, आप्तेष्ट सुटले, आणि त्याहूनही कठीण म्हणजे चांगल्याचुंगल्या जेवणाची संवयही सुटली. सुटला नाहीं तो फक्त रोममध्यें कष्टानें जमविलेला ग्रंथसंग्रह. दिवसभर उपवास करावा आणि मग सिसेरोचे ग्रंथ घेऊन बसावें, असा त्यांचा क्रम चाले. मधूनच संदेष्ट्यांचीं पुस्तकें हातीं घेतलीं, तर तीं भाषा त्यांना ओबडधोबड वाटे. शरीर उपाशी होतें, पण आत्म्याला कोणतें अन्न द्यावें हें अजून कळलें नव्हतें.

अशा स्थितींत उपवासकाळांत त्यांना कडक ताप भरला. आतां ते वांचत नाहींत असें समजून सोबत्यांनीं अंत्यविधीची तयारीही चालविली. त्या ग्लानींत आपण न्यायासनापुढें उभे आहों असें त्यांनीं पाहिलें. तूं कोण, असें विचारतां त्यांनीं आपण ख्रिस्ती असल्याचें सांगितलें; परंतु न्यायाधीशानें तें नाकारून त्यांना सिसेरोचा अनुयायी ठरविलें व फटक्यांची शिक्षा फर्माविली. जागे झाल्यावर, पूर्वीं लौकिक ग्रंथांवर जी आस्था होती त्याहून अधिक आस्थेनें ते शास्त्राकडे वळले. खाल्किसच्या वाळवंटांत राहून त्यांनीं एका ख्रिस्ती झालेल्या यहूदी बंधूकडून इब्री भाषा शिकण्यास आरंभ केला. लॅटिनच्या गोडव्याला सरावलेल्या जिभेला ते घशांतले व शीळ घातल्यासारखे उच्चार जमेनात. कित्येकदां निराश होऊन त्यांनीं अभ्यास सोडला आणि कित्येकदां पुन्हां धरिला.

अंत्युखियास त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. ३८२ सालीं ते रोमला परतले असतां पोप दामासस यांनीं त्यांच्यावर एक अवघड काम सोंपविलें. त्या काळीं शुभवर्तमानांचीं लॅटिन भाषांतरें हातोहात नकलून इतकीं बदललीं होतीं, कीं एक प्रत दुसरीशीं जुळेना. मूळ ग्रीक प्रतींशीं ताडून तीं शुद्ध करावीं, अशी पोपमहाशयांची आज्ञा झाली. लोकांच्या कानांवर बसलेले शब्द बदलले म्हणजे सारे आपल्याला शास्त्र बिघडविणारा म्हणतील, हें जेरोम पक्कें ओळखून होते, आणि त्यांनीं तें स्पष्ट बोलूनही दाखविलें. तरीही त्यांनीं आज्ञा मानिली. ३८४ मध्यें चारही शुभवर्तमानें शुद्ध होऊन तयार झालीं. त्याच वर्षाच्या अखेरीस पोप दामासस वारले, आणि जेरोम यांच्या कडक टीकेनें दुखावलेल्या मंडळींनीं त्यांना रोममध्यें राहणें अशक्य केलें. ३८५ सालीं त्यांनीं तें शहर कायमचें सोडिलें.

पुढील वर्षीं ते बेथलेहेमास स्थायिक झाले. त्यांच्यामागून पावला नांवाची थोर घराण्यांतील विधवा व तिची कन्या युस्तोखियम याही आल्या. पावलानें आपली संपत्ति वेंचून तेथें मठ बांधले, आणि यात्रेकरूंसाठीं धर्मशाळाही उभारली. कारण याच गांवीं पवित्र मरियेला व योसेफाला एकदां उताऱ्यास जागा मिळाली नव्हती. बेथलेहेम या इब्री नांवाचा अर्थ भाकरीचें घर. या घरीं बसून जेरोम यांनीं जुना करार मूळ इब्रीवरून लॅटिनमध्यें आणिला. बारानिना नांवाचा एक यहूदी शिक्षक स्वजातीयांच्या भयानें रात्रीं येऊन त्यांना शिकवीत असे. सुमारें पंधरा वर्षांच्या परिश्रमानंतर ४०५ च्या सुमारास हें काम पुरें झालें.

भाकीत खरें ठरलें. आफ्रिकेंतील ओएआ, म्हणजे सध्याचें त्रिपोली, येथें नवें भाषांतर वाचतांना योनावर सावली धरणाऱ्या वेलीचें नांव निराळें ऐकूं येतांच लोकांनीं मोठा गोंधळ केला, आणि बिशपांना माघार घ्यावी लागली. ही हकीकत संत ऑगस्टिन यांनींच जेरोम यांना पत्रानें कळविली.

येथें त्यांचा एक दोष लपवून ठेवणें योग्य होणार नाहीं. त्यांचा स्वभाव तापट व लेखणी विखारी होती. रुफिनस या तरुणपणाच्या जिवलग मित्राशीं ओरिजेनच्या मतांवरून त्यांचें वांकडें आलें, तें रुफिनसच्या मृत्यूनंतरही निवळलें नाहीं. शास्त्राचा शब्दन्‌शब्द जाणणाऱ्यालाही क्षमेची आज्ञा जड गेली, हें आपण नम्रपणें ध्यानांत ठेवावें.

परंतु देवानें त्यांना आणखी एक धडा राखून ठेविला होता. ४०४ मध्यें पावला वारली. ऑगस्ट ४१० मध्यें अलारिकच्या गॉथ सैन्यानें रोम लुटलें. जेरोम यांची वृद्ध शिष्या मार्सेला सैनिकांच्या मारहाणीनंतर थोड्याच दिवसांत निवर्तली. काल जे श्रीमंत होते ते आज भिकारी होऊन बेथलेहेमच्या दाराशीं येऊं लागले. त्या वेळीं जेरोम यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथावर टीका लिहीत होते. वय साठीच्या पलीकडे गेलेलें, दृष्टि मंदावलेली, काम अपुरें. तरीही त्यांनीं लिखाण बाजूस ठेविलें. शास्त्रवचनांचा अर्थ सांगत बसण्यापेक्षां तीं कृतींत उतरविण्याची ही वेळ आहे असें त्यांनीं मानिलें. दिवस निराश्रितांच्या सेवेंत जाई, आणि जमेल तेव्हां रात्रीं दिव्याच्या उजेडांत ते टीकेच्या चार ओळी लिहीत. ज्या शास्त्रासाठीं त्यांनीं सर्व सोडिलें, त्याच शास्त्राची आज्ञा पाळण्यासाठीं त्यांनीं शास्त्राचें पुस्तकही मिटलें.

परंपरेप्रमाणें ३० सप्टेंबर ४२० रोजीं बेथलेहेम येथें त्यांचें देहावसान झालें, व प्रभूच्या जन्मगुहेजवळच त्यांना मूठमाती देण्यांत आली. त्यांची लॅटिन प्रत वुल्गाता या नांवानें सर्व पाश्चात्य ख्रिस्तसभेची झाली, आणि १५४६ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें तिला प्रमाण ठरविलें. आपल्या किनाऱ्यावर आलेल्या मिशनरी धर्मगुरूंना शास्त्राचा परिचय प्रामुख्यानें याच प्रतींतून होता. आणि १६१६ सालीं रायतूर येथें छापलेल्या ख्रिस्तपुराणाच्या द्वारें फादर स्टीफन्स यांनीं शास्त्रकथेची तीच शिदोरी मराठी ओंवींत बांधून आपल्या पूर्वजांच्या हातीं दिली.

आज पवित्र शास्त्र आपल्याच भाषेंत आपल्या घरीं आहे. रात्रीं लपून येणाऱ्या शिक्षकाची आपल्याला गरज नाहीं. तेव्हां प्रिय बंधुभगिनींनो, घरांतील तें पुस्तक रोज उघडावें, आणि वाचीत असतां दाराशीं कोणी भुकेला आला, तर तें मिटून आधीं त्याला भाकरी द्यावी. वाचन वाया गेलें असें होणार नाहीं. संत जेरोम यांच्या विनवणीनें देवबाप आपल्या धर्मग्रामाला वचनाची भूक आणि तें पाळण्याचें बळ देवो. आमेन.